मसाई मारा सफारी, फक्त दोघांसाठी: नाशिकहून जाणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

सरळ मुद्द्यावर येते. केनियाला दोघंच जाणार असाल तर पैसे गाडीवर आणि गाईडवर घाला, तंबूतल्या बाथटबवर नको. कॉलेज रोडच्या ज्या टूरवाल्यांकडे आम्ही बुकिंग केलं त्यांनी आधी ग्रुप टूरच दाखवली होती, सोबत स्वयंपाकाला महाराज, रोज पोळीभाजी, सगळी आपली माणसं, आणि स्वस्तही बरीच, पण त्यात सहा-सात जणांत एक गाडी येते आणि एकाला फोटो काढायचाय, दुसऱ्याला बाथरूमला जायचंय, तिसऱ्याला भूक लागलीय असं चालतं. आम्ही फक्त आमच्या दोघांसाठी लँड क्रूझर मागितली, वर उघडणारं छत असलेली. पूर्ण ट्रिपमधे सगळ्यात जास्त वसूल झालेला पैसा हाच.

आमचं लग्न 1999 च्या एप्रिलमधलं. द्राक्षवाल्यांना सांगायला नको, एप्रिल म्हणजे खरड छाटणी, त्यामुळे तेव्हा हनिमून राहिला तो राहिलाच, मग ऑक्टोबर छाटणी, मग थिनिंग, डिपिंग, काढणी, मग मुलं, मग सासूबाईंचं आजारपण, आणि दर वर्षी "पुढच्या वर्षी नक्की". शेवटी लेकीनेच पुण्याहून फोनवर बापाला सांगितलं की पप्पा आता तुम्ही दोघं जा, बागेकडे दादा बघेल. ह्यांची अट एकच, सप्टेंबरच्या आत परत यायचं. आणि गंमत म्हणजे बागायतदाराला जो थोडा श्वास घ्यायला मिळतो, जुलै-ऑगस्ट, तोच माराचा सगळ्यात भारी सीझन. टांझानियातल्या सेरेंगेटीतून विल्डबीस्टचे, म्हणजे गाईएवढ्या मोठ्या रानटी हरणांचे, कळप गवत-पाण्यामागे वर सरकतात आणि साधारण जुलै ते ऑक्टोबर मारात असतात. लाखो विल्डबीस्ट, वर झेब्रे, हरणं. मधे कुंपण नाही, एकच सलग रान आहे.

आता खर्चाची गोष्ट, कारण पॅकेजच्या आकड्यात ही नीट दिसत नाही. मारा रिझर्व्हचं तिकीट परदेशी माणसाला जानेवारी ते जून 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर, माणशी, दर दिवसाचं, आणि तेही फक्त 12 तासांसाठी धरतात. म्हणजे दोघांचे सीझनमधे दिवसाला 400 डॉलर नुसते आत शिरायचे. म्हणून कोटेशन हातात आलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, पार्क फी धरून आहे का आणि किती दिवसांची. आमच्या टूरवाल्यांनी हे न विचारता कागदावर वेगळं लिहून दिलं होतं, ते मला फार आवडलं. व्हिसाचंही तसंच. जानेवारी 2024 पासून केनियाला व्हिसा नाही, त्याऐवजी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी, काढावी लागते, सरकारी फी 30 डॉलर. पिवळ्या तापाची लस मात्र चुकवू नका, किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते आणि ते पिवळं कार्ड नसेल तर परत आल्यावर मुंबईत क्वारंटाइन करू शकतात. साठीच्या पुढच्यांनी आधी डॉक्टरांशी बोला. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारून घ्या.

मुंबई-नैरोबी विमान सहा तासांच्या आसपास, घड्याळ अडीच तास मागे. नैरोबीहून मारा रस्त्याने पाच-सहा तास, वाटेत रिफ्ट व्हॅलीचा कडा लागतो, तिथे थांबाच, खाली जमीन अशी पसरलेली दिसते की ह्यांनी सवयीने "इथे पाणी किती फुटांवर लागत असेल" असं विचारलंच. जाताना रस्त्याने आणि येताना छोट्या विमानाने नैरोबीच्या विल्सन एअरपोर्टला, असं आम्ही केलं आणि पन्नाशीतल्या कंबरेसाठी हेच सांगेन. फक्त त्या विमानात 15 किलोच सामान चालतं आणि बॅग मऊ हवी, चाकाची कडक सुटकेस नको.

गाईडबद्दल सविस्तर लिहिते कारण रिव्ह्यूमधे लोक तंबूचेच फोटो टाकतात. केनियात सफारी गाईडची परीक्षा असते, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या. आम्ही सिल्व्हर बॅजवाला मागून घेतला. हा मसाई, म्हणजे तिथल्याच जमातीचा माणूस, माराजवळच्या नारोककडचाच, गाडीही तोच चालवायचा. पहिल्याच सकाळी त्याने विचारलं की तुम्हाला खूप प्राणी बघायचेत की थोडे पण नीट बघायचेत. आम्ही म्हटलं नीट. मग तो रेडिओवर "सिंह सिंह" ऐकून धावणाऱ्या वीस गाड्यांच्या मागे कधी गेलाच नाही. एका चित्त्याच्या मादीजवळ आम्ही जवळजवळ सगळी सकाळ थांबलो, तिची पिल्लं तिच्या शेपटीशी खेळत होती, तो हळू आवाजात सांगत होता की चित्ता दिवसा का शिकार करतो, सिंह आणि तरस त्याची शिकार हिसकावतात म्हणून. ग्रुपच्या गाडीत कोणी इतकं थांबू दिलं असतं का, नाहीच.

आणि बिबट्या. निफाड-दिंडोरीकडे बिबट्या म्हटलं की काय होतं ते आपल्याकडच्यांना माहितीये, रात्रीची लाइट असली की मोटर चालू करायला जायचं आणि उसातून काही खसफसलं की पाय थिजतात. ह्यांनी आयुष्यभर बॅटरीच्या उजेडात फक्त डोळे बघितलेले. इथे तो भर सकाळी झाडाच्या फांदीवर आडवा, चारही पाय सोडलेले, आणि आमच्याकडे बघायचेही कष्ट घेत नव्हता. हे बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "एवढा देखणा असतो होय गं." मला तो क्षण कुठल्याही कँडललाइट डिनरपेक्षा मोठा वाटला, खरंच.

मारा नदीवर कळप ओलांडताना बघायला मिळतीलच असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. आम्ही काठापासून लांब थांबलो, गाईडने गाडी पुढे घेतलीच नाही, गाड्यांनी वाट अडवली की जनावरं बिचकून मागे फिरतात म्हणाला. कळप उतरणीपर्यंत आला, पुढचे थबकले, मागचे ढकलतायत, धूळ, तो घुंऽघुं आवाज, खाली पाण्यात मगरी, आणि सगळे परत फिरले. पुन्हा आले, पुन्हा फिरले. क्रॉसिंग काही झालं नाही. पण इतके तास आम्ही दोघं शेजारी बसून होतो, ना मजुरांचे फोन ना व्यापाऱ्याचे, मधे कोंडाजीचा चिवडा आणि थर्मासमधला चहा, आणि लग्नाच्या पहिल्या वर्षातल्या कितीतरी गोष्टी बोलून झाल्या ज्या आम्ही एकमेकांना कधी सांगितल्याच नव्हत्या. हनिमून म्हणून मला जे हवं होतं ते हे. म्हणून बलूनची राइड, जी माणशी 450-500 डॉलरच्या घरात जाते, ती आम्ही सोडली आणि त्या पैशात मारातली एक रात्र वाढवली. मला तरी हा हिशोब बरोबर वाटतो.

मुक्काम तीन ठिकाणी होते. नाकुरू तलावाला गेंडे छान दिसले, अगदी निवांत चरताना, पण फ्लेमिंगोंसाठी जाऊ नका, पाण्याची पातळी वाढल्यापासून ते पूर्वीसारखे तिथे नसतात. सगळ्यात आवडलं ते कंझर्व्हन्सीतलं कॅम्प. म्हणजे रिझर्व्हला लागून मसाई लोकांच्याच मालकीची जमीन, कॅम्पवाले त्यांना भाडं देतात, गाड्यांची संख्या मर्यादित ठेवतात, आणि रिझर्व्हमधे जे चालत नाही ते इथे चालतं, रात्रीची सफारी, मसाई गाईडबरोबर पायी फिरणं. स्वतःच्या जमिनीवर जनावरं राहू दिली तर शेतकऱ्याला दर महिन्याला पैसे मिळतात हे ऐकून ह्यांनी तिथल्या माणसाला इतके प्रश्न विचारले की चहा गार झाला. शाकाहारी जेवणाची कुठेच अडचण नाही, डाळ, चपाती, त्यांची सुकुमा नावाची पालेभाजी, आधी कळवलं की सगळं करतात.

तिसऱ्या मुक्कामावर मात्र मी नाराज आहे. टूरवाल्यांनी "गेटजवळ" सांगितलेलं कॅम्प गेटपासून चांगलंच लांब निघालं, आणि पहाटेचा जो वेळ सगळ्यात मोलाचा, प्राणी फिरते असतात तेव्हाचा, तो खडबडीत रस्त्यावर गेला. बेडवर फुलांच्या पाकळ्या आणि केक ठेवून "हॅपी हनिमून" केलं होतं, त्या पोरांचं मन चांगलं, पण मला ती सकाळची वेळ हवी होती. आल्यावर ऑफिसात जाऊन सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, फरकाचे थोडे पैसे परत केले. तुम्ही मात्र बुकिंगच्या आधीच कॅम्प नकाशावर बघा, आत आहे की बाहेर आणि कुठल्या गेटला.

सामानात प्लॅस्टिकच्या पिशव्या अजिबात नकोत, 2017 पासून तिथे बंदी आहे आणि ती खरोखर पाळतात, फराळ स्टीलच्या डब्यात नाहीतर कापडी पिशवीत न्या. पहाटे चांगलीच थंडी असते, जुलै-ऑगस्टमधे स्वेटर आणि कानटोपी लागतेच. दुर्बीण एक नको, दोन न्या, म्हणजे "आता मला दे" होत नाही आणि दोघांना एकाच वेळी दिसतं. आणि जुलै-ऑगस्टचं ठरवत असाल तर जानेवारीतच बोलून घ्या, काढणीच्या गडबडीत का होईना एक दुपार काढा, कारण कंझर्व्हन्सीतले तंबू थोडे असतात आणि चांगले गाईड सगळ्यात आधी बुक होतात.