उद्यमनगरातलं बोअरिंग-ग्राइंडिंगचं दुकान आणि माझी पद्मिनी

माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची अवजारं आणि साचे बनवणाऱ्या विभागात झाली. त्यामुळे खाली जे लिहितोय ते दुकानातून आलेला माल घरी मोजून मगच लिहितोय.

गाडी प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसी, चार सिलिंडर, मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मि.मी. आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७५ मि.मी. निळा धूर यायचा, ऑइल कमी व्हायचं आणि इंजिन तापलं की ऑइल प्रेशर पडायचं. खोलण्या-जोडण्याचं काम सांगलीतल्या आमच्या मेस्त्रींनी केलं. ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग), क्रँक (पिस्टनच्या चालीनं फिरणारा दांडा) आणि हेड (सिलिंडरवरचं झाकण) घेऊन मी कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात गेलो. दुकानाचं नाव देत नाही, कारण मालकच म्हणाले, "हाय तीच कामं आवरंनात, नाव कशाला घालताय काका?"

आधी दुसऱ्या एका दुकानात विचारलं होतं. तिथला माणूस म्हणाला, ब्लॉक ठेवून जा, पुढच्या साइजचं बोअर मारून (झिजलेलं सिलिंडर कापून मोठं करून) ठेवतो, पिस्टन सवडीनं आणा. मी ब्लॉक उचलून परत गाडीत ठेवला. पिस्टनच्या खोक्यावर छापलेली साइज आणि पिस्टनची खरी साइज यांत फरक असू शकतो, आणि पिस्टन व बोअरमधली फट मायक्रॉनमध्ये मोजायची असते. पिस्टन हातात नसताना बोअर कशाच्या हिशेबानं मारणार?

उद्यमनगरातल्या मालकांनी पहिल्यांदा पिस्टनच मागितले. स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या भागावर), पिनच्या आडव्या दिशेनं चारही मोजले आणि प्रत्येकावर नंबर टाकला. मग ब्लॉक घेतला. प्रत्येक सिलिंडर वर, मधे आणि खाली, दोन्ही दिशांनी बोअर गेज फिरवून पाहिला आणि आकडे खडूनं ब्लॉकवरच लिहिले. सगळ्यात जास्त झीज दुसऱ्या सिलिंडरला, वरच्या रिंगच्या पट्ट्यात निघाली. बोअर टॅपरही (वर-खाली कमी-जास्त व्यासाचा) होता आणि ओव्हलही (लंबगोल). मी तिथं उभा असतानाच एक पोरगा ट्रॅक्टरचा ब्लॉक घेऊन आला. त्याला मालकांनी एवढंच विचारलं, "पिस्टन कुठं हाईत भावा?" नव्हते. ब्लॉक बाजूला राहिला, पोरगा पिस्टन आणायला गेला. त्या एका प्रश्नावर माझा दुकानावर विश्वास बसला.

बोअरिंग बारवर त्यांनी पूर्ण साइज काढली नाही. शेवटचे मि.मी.चे काही शतांश होनिंगसाठी (दगडानं बारीक घासण्यासाठी) राखले आणि ज्या नंबरचा पिस्टन त्याच नंबरचं सिलिंडर धरून फट जुळवली. होनिंगच्या रेघा एकमेकींना साधारण ४५ अंशांत छेदणाऱ्या, सगळीकडे सारख्या. त्या रेघांत ऑइल थांबतं आणि रिंगा बसतात. भिंत आरशासारखी चकचकीत करून देणारा कारागीर गिऱ्हाइकाला खूश करतो, पण इंजिनाचं नुकसान करतो.

क्रँकचं काम तर मला फारच आवडलं. जर्नल (क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) दहा थाऊ (इंचाचे हजारावे भाग) खाली घेतले, म्हणजे ग्राइंड करून सुमारे पाव मि.मी. बारीक केले. जर्नल आणि वेब (जर्नलांना जोडणारा पट्टा) जिथं मिळतात त्या कोपऱ्यातली गोलाई मी नखानंही तपासली आणि रेडियस गेजनंही. ती शाबूत होती. घाईचा ग्राइंडर तिथं धारदार कोपरा सोडतो आणि क्रँकला पुढं तिथूनच चीर जाते. ऑइलच्या भोकांच्या धारदार कडाही घासून मारल्या होत्या. घरी प्रत्येक जर्नल दोन दिशांनी मोजला. माझ्या मायक्रोमीटरला ओव्हलपणा सापडला नाही. दुकानात तयार क्रँक उभे ठेवलेले असतात, आडवे टाकलेले नसतात. हीसुद्धा जाणकारीची खूण आहे, कारण आडवा पडलेला लांब क्रँक वाकू शकतो.

हेड ॲल्युमिनियमचं. सरळ पट्टी आणि फिलर (फट मोजायची पातळ पाती) लावून बाक पाहिला आणि लागलं तेवढंच फेसिंग (पृष्ठभाग सपाट करणं) केलं. व्हॉल्व्ह जिथं टेकतात त्या सीट कापल्यावर पोर्टमध्ये (व्हॉल्व्हमागच्या वाटेत) रॉकेल ओतून दाखवलं. एकही व्हॉल्व्ह पाझरला नाही.

आता उणं. दिलेली तारीख पाळली नाही. गाळप हंगाम तोंडावर आला की ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरांची कामं आधी होतात. ते मला पटतं, ट्रॅक्टरवर शेतकऱ्याचं पोट आहे. पण तसं पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. दुसरं, धुण्यात कसूर आहे. ऑइल गॅलरीत (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांत) होनिंगची भुकटी सापडली. हा दोष छोटा नाही, नवीन बेअरिंग त्या भुकटीनं पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये खराब होऊ शकतं. आम्ही प्लग काढून गॅलऱ्या लांब ब्रशनं साफ केल्या. बोअर गरम पाणी आणि साबणानं धुतले, पांढरं फडकं फिरवून पांढरंच बाहेर येईपर्यंत, आणि लगेच ऑइल लावलं. नुसत्या रॉकेलनं ती भुकटी निघत नाही.

दर आजूबाजूच्या दुकानांपेक्षा चढा आहे. बिलात बोअरिंग, होनिंग, ग्राइंडिंग, फेसिंग आणि सीट कटिंग वेगवेगळं लिहून मिळतं, घासाघीस चालत नाही. मला तो दर रास्त वाटला. जाताना पिस्टन, बेअरिंग शेल (क्रँकभोवतीचे अर्धगोल बेअरिंग) आणि नवीन व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हचा दांडा सरकतो ती नळी) सोबत न्या, मेन आणि बिगएंडच्या (क्रँकला आणि कनेक्टिंग रॉडला धरणाऱ्या बेअरिंगच्या) कॅपांवर नंबर टाकून न्या, आणि जमलं तर हंगाम संपल्यावर जा. पद्मिनी आता तापल्यावरही प्रेशर धरते. मी पुन्हा याच दुकानात जाईन, भावाच्या जीपचा क्रँक घेऊन.