विंडोज अकराची रेजिस्ट्री आणि एक राइट क्लिक: नऊ महिन्यांनंतर

परवा अकरावीच्या अ‍ॅडमिशनची गर्दी, दुकानात दहा पोरं उभी आणि प्रिंटर गप्प. केबल ठीक, ड्रायव्हर परत टाकला तरी तेच. नेहमीच्या रिपेअरवाल्याला फोन केला तर तो न बघताच म्हणाला "फॉरमॅट मारावं लागेल, सहाशे रुपये". सहाशे! त्या रागात हे लिहायला बसलोय, पण सुरुवात रेजिस्ट्रीत (विंडोजच्या सगळ्या सेटिंग्ज जिथे साठवलेल्या असतात ती जागा) मी केलेल्या उद्योगांपासून करावी लागेल.

माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान. विंडोज दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, माझं जुनं मशीन सातव्या जनरेशनच्या प्रोसेसरचं म्हणून अकराच्या यादीत बसेना, मग सेकंडहँड आठव्या जनरेशनचा डबा घेतला. बाकी सगळं बरं होतं, पण तो राइट क्लिकचा नवीन, आखूड मेन्यू! गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हवर फाइल टाकायची म्हणजे आधी राइट क्लिक, मग 'शो मोअर ऑप्शन्स', मग कुठे 'सेंड टू'. दिवसाला पन्नास-साठ वेळा हा जास्तीचा क्लिक. शिफ्ट आणि एफ-१० दाबलं की जुना मेन्यू थेट येतो हे माहितीय हो, पण एका हातात गिऱ्हाइकाचे कागद असतात.

मग रेजएडिट, म्हणजे रेजिस्ट्री बदलायचा विंडोजमधलाच प्रोग्रॅम, उघडलं. करंट युजर, सॉफ्टवेअर, क्लासेस, सीएलएसआयडी, त्यात महिरपी कंसातलं ३२ अक्षर-आकड्यांचं नाव द्यायचं आणि त्याच्या पोटात 'इनप्रॉकसर्व्हर३२' नावाची की (रेजिस्ट्रीतलं फोल्डरच म्हणा). केलं, रीस्टार्ट केलं, काही फरक नाही. अख्खी संध्याकाळ गेली. गोम अशी की डिफॉल्टसमोर 'व्हॅल्यू नॉट सेट' दिसत असेल तर चालत नाही, त्यावर डबल क्लिक करून काही न लिहिता ओके दाबायचं म्हणजे ती कोरी होते. सेट नसलेली वेगळी आणि कोरी वेगळी! नवीन मेन्यूची खरी नोंद अख्ख्या मशीनसाठीच्या भागात असते, पण विंडोज आधी आपल्या युजरची नोंद वाचते, तिथे मेन्यू चालवणाऱ्या फाइलचं नावच सापडत नाही, मग एक्सप्लोरर (फोल्डर-फाइल दाखवणारा प्रोग्रॅम) गुपचूप जुना मेन्यू काढून देतो. टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर रीस्टार्ट केला आणि 'सेंड टू' समोर हजर. नऊ महिन्यांत एवढा आनंद त्या नवीन लॅमिनेशन मशीननेही दिला नाही.

इथेच थांबायला हवं होतं. पण एक जमलं की हात शिवशिवतो. 'मेन्यूशोडिले', म्हणजे पोटमेन्यू उघडायच्या आधी विंडोज किती मिलिसेकंद थांबते तो आकडा, ४०० चा शून्य केला, दोन दिवस वाटलं रॉकेट झालं मशीन, मग लक्षात आलं की माउस नुसता वरून गेला तरी पोटमेन्यू फटाफट उघडतायत आणि फाइल भलतीकडेच जातेय. आता २०० वर आहे, बरं चाललंय. टास्कबार बारीक करायची 'टास्कबारएसआय' ही सेटिंग पण टाकून बघितली, ती अकराच्या २२एच२ आवृत्तीपासून बंदच पडलीय, वेळ घालवू नका.

आणि मग ती घोडचूक. एका व्हिडिओखालची 'पीसी फास्ट करा' असली तयार रेजिस्ट्री फाइल डाउनलोड केली, डबल क्लिक, येस, झालं. आत काय आहे ते बघितलंच नाही. परवा फॉरमॅटचं ऐकल्यावर ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली, चाळीसेक ओळी होत्या आणि त्यात एक 'स्पूलर', स्टार्ट चार. म्हणजे प्रिंटची सर्व्हिसच डिसेबल! फाइल बनवणाऱ्याकडे प्रिंटर नसणार. चारचे दोन केले, मशीन रीस्टार्ट, आणि पानं धडाधड बाहेर. सहाशे वाचले, पण तोवर दहातली सात पोरं शेजारच्या दुकानात गेली होती, तो हिशोब बायकोला सांगितलेला नाही.

आधी मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की रेजिस्ट्री बदला, मजा आहे. आता सांगतो ती राइट क्लिकवाली एकच करा, आणि ज्या कीच्या आत बदल करताय ती आधी एक्सपोर्ट करून, म्हणजे फाइलमध्ये काढून, ठेवा. विंडोज स्वतः बॅकअप ठेवते या भरवशावर राहू नका, रेगबॅक फोल्डरमधला आपोआप होणारा बॅकअप विंडोज दहाच्या १८०३ आवृत्तीपासून बंद आहे.

गंमत म्हणजे दुकानातल्या पोराच्या मशीनवर नवीनच मेन्यू आहे. मी बदलून देतो म्हटलं तर म्हणाला, "काका, नको, मी तर फाइल ओढून टाकतो." त्याला 'सेंड टू' कुठे असतं तेच माहीत नव्हतं.