चिलर म्हणून पंखा गळ्यात मारला, न्यूट पाळणाऱ्यांनी नक्की वाचा

मी म्हापशात राहतो, मासे लहानपणापासून पाळलेत पण न्यूट पहिल्यांदाच. माहीत नसेल त्यांना सांगतो, न्यूट म्हणजे सॅलॅमँडरच्या कुळातला, बेडकासारखा उभयचर, दिसतो पालीसारखा पण खवले नाहीत, ओली मऊ कातडी. मला हवा होता चायनीज फायर बेली, बोटाएवढा, वरून काळा आणि पोट भडक नारिंगी. त्याला पाणी लागतं थंड, १६ ते २० डिग्री, २४-२५ च्या वर गेलं की हाल सुरू. गोव्यातल्या उकाड्यात हे कसं जमायचं हे मला पण कळत होतं, म्हणून तर मी पहिल्यांदा चिलरचंच, म्हणजे टाकीतलं पाणी थंड करणाऱ्या यंत्राचंच विचारलं आणि नेमका तिथंच फसलो.

मडगावच्या बाजूचा एक जण, इन्स्टावर त्याच्या टाक्यांचे व्हिडिओ बघून फोन केला. "दादा टेन्शन घेऊ नका, एकदम नॅचरल सेटअप करून देतो, चिलरसकट, न्यूट पण मीच आणतो." तीन फुटी टाकी, चिलर, झाडं, दगड आणि दोन न्यूट मिळून ४२ हजार. २५ हजार आधी यूपीआयनं, बाकीचे कॅश. बिल व्हॉट्सॲपवर टाकतो म्हणाला, आजपर्यंत आलं नाही. न्यूटचे आयातीचे कागद पण "नंतर देतो".

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळं लावून गेला, आणि खरं सांगतो, दिसायला सुंदर होतं. पांढरी वाळू, कोरलचे तुकडे, मागं हिरवीगार झाडं, टाकीखाली चिलरची काळी पेटी आणि पेटीवर निळ्या आकड्यांत १८. मी म्हटलं टाकी सायकल झाल्याशिवाय जनावर कसं सोडायचं, अमोनिया खाणारे बॅक्टेरिया तयार व्हायला महिना-दीड महिना तरी जातो, तर म्हणे बाटलीतले ओतलेत, तीन दिवसांत सोडू. आणि मी ऐकलं. हे मला अजून खातं.

दहा-बारा दिवसांत झाडं सडायला लागली. देठ हातात धरला तर बोटांना चिकट काळा लगदा आणि वास असा की खिडक्या उघडाव्या लागल्या. नंतर कळलं, लकी बांबू आणि ड्रॅसिना होती ती, कुंडीतली झाडं, पाण्याखाली बुडवून ठेवली तर टिकतच नाहीत. जावा फर्न, अनुबियस, जावा मॉस ही खरी पाण्यातली, तीच मागा. इकडं न्यूट सारखे दगडावर चढून बसायचे, खाणं बंद. गांडुळाचा तुकडा चिमट्यात धरून नाकासमोर हलवला तरी तोंड फिरवायचे. फोन केला की "नवीन जागा आहे दादा, ॲडजस्ट होतील". पेटीवर १८ दिसतंय म्हटल्यावर मी पाण्याचा संशयच घेतला नाही.

एका सकाळी धाकटा न्यूट उलटा तरंगत होता, ते नारिंगी पोट वर. मला काही सुचेना.

त्या दिवशी काचेचा साधा थर्मामीटर आणून पाण्यात सोडला. ३० डिग्री. पेटीवर तेव्हाही १८च. ओळखीच्या फ्रीज मेकॅनिकला बोलावलं, त्यानं चार स्क्रू काढले आणि म्हणाला, "हातूंत कॉम्प्रेसरच ना मरे!" म्हणजे यात कॉम्प्रेसरच नाही. आत एक छोटा पंप आणि कॉम्प्युटरचा पंखा, बस. तो आकडा पाण्याचा नव्हताच, सेट करून ठेवलेला. पंख्यानं पाणी थोडं उतरतं, पण आपल्याकडची हवा इतकी दमट की दोन-तीन डिग्रीच्या वर काही होत नाही. खऱ्या चिलरला फ्रीजसारखी घरघर असते, गरम हवा बाहेर पडते आणि तो जड असतो, ही पेटी मी एका हातानं उचलली होती, तेव्हाच कळायला हवं होतं. पेल्टियरवाले, म्हणजे कॉम्प्रेसरशिवाय विजेच्या चकतीनं गार करणारे छोटे कूलर मिळतात पण तीन फुटी टाकीला ते पुरत नाहीत.

त्याला फोटो पाठवले तर म्हणे बदली दुसरा देतो, हिमालयन, आपल्याच देशातला, गरमी सोसतो. फोटोतलं जनावर तपकिरी, पाठीच्या दोन्ही बाजूंना गाठींची रांग. अहो, हा दार्जिलिंगकडच्या डोंगरातला सॅलॅमँडर, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित, पकडणं विकणं गुन्हा, आणि तो पण थंडीतलाच! कोणी असा "देशी न्यूट" देऊ केला तर हात लावू नका. मी नाही म्हटलं, वनखात्याला कळवतो म्हटलं, त्यानं ब्लॉक केलं.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केलीय, यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि उघडलेल्या पेटीचे फोटो जोडलेत. बिल नाही म्हणून अडतंय.

दुसरा न्यूट वाचलाय. बेडरूममध्ये साध्या टबात ठेवलाय, खाली काही नाही, एक दगड आणि मॉसचा गुच्छा, झाकण घट्ट कारण हे काचेवर चढून पळतात. रात्रंदिवस एसी, थर्मामीटर कायम पाण्यात, रोज थोडं पाणी बदलतो. काल २१ होतं, आणि तीन आठवड्यांनी पहिल्यांदा त्यानं चिमट्यातला गांडुळाचा तुकडा ओढून घेतला.