जेट स्कीचं इंजिन ‘जाम’ सांगून १,२४,७०० रुपये घेतले. मालवण-तारकर्ली, अलिबाग, गोवावाल्यांनी वाचा

किनाऱ्यावर येऊन गोड बोलणारा आणि “कंपनीत काम केलंय” सांगणारा मेकॅनिक भेटला, तर आधी त्याला जेट पंप (मागचा, पाणी फेकून जेट स्की पुढे ढकलणारा, शाफ्टने इंजिनाला जोडलेला भाग) काढायला लावा. पंप शाफ्टसकट बाहेर आला की इंजिन हाताने फिरवून बघा. फिरलं तर इंजिन जाम नाही, विषय संपला. मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

माझी एकच जेट स्की आहे, जुनी यामाहा व्हीएक्स ११०. दिवाळीच्या तोंडावर स्टार्टर नुसता ‘टक’ करून थांबायला लागला. त्या गोड बोलणाऱ्या मेकॅनिकने बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, पिस्टन धरलेत, खाऱ्या पाण्याने बोल्ट ॲल्युमिनियममध्ये चिकटलेत, वर्कशॉपलाच न्यावं लागेल. यातलं बोल्टचं खोटं नाही, म्हणून तर पटलं. स्टीलचा बोल्ट, ॲल्युमिनियमचा ब्लॉक आणि समुद्राचं पाणी एकत्र आलं की आटे पांढऱ्या भुकटीने धरतात, जोर लावला की डोकं तुटून हातात येतं. हे आम्हा सगळ्यांच्या नशिबी आहे. त्याच्या जोरावरच तो जेवतो.

उचल २५,०००. टेम्पो ६,५००. मग रोज फोन, “आज दोन तुटले, आज तीन तुटले.” एका तुटक्या बोल्टचे १,८००: ड्रिल मारायचं, तुकडा काढायचा, नवा आटा म्हणून हेलिकॉइल बसवायची. असे १४ बोल्ट, २५,२००. शेवटी क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनातला मुख्य दांडा) गेला म्हणून ६८,०००, माल बाहेरून येणार म्हणून आगाऊ.

त्या क्रँकच्या वेळी त्याने हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढलेल्या इंजिनाचा फोटो पाठवला होता. त्यात तीन सिलिंडर आहेत. माझं इंजिन चार सिलिंडरचं आहे! दरवर्षी चार स्पार्क प्लग मी स्वतः बदलतो. तो फोटो मी बायकोला दाखवला, भावाला दाखवला, शेजारच्या बोटवाल्याला दाखवला. सगळे “अरेरे” म्हणाले, मोजलं कोणीच नाही. आता कोणी म्हणेल, डोळे फुटले होते का? दारात पर्यटक उभे, बुकिंगचे पैसे परत करतोय, डोक्यावर हप्ता, अशा वेळी कोण सिलिंडर मोजत बसतं ते मला दाखवा.

आणखी ४०,००० मागितले तेव्हा मी जाऊन जेट स्की उचलून आणली. गावातल्या मच्छीमार बोटींची इंजिनं करणाऱ्या म्हाताऱ्या मेस्त्रीने टॉर्च मारली आणि म्हणाला, “अरे, ह्यां इंजिन कोणी खोलूकच नाय.” हेडच्या बोल्टांवर मिठाचा थर तसाच, कडेचा रंगही फुटलेला नाही. चौदातला एकही बोल्ट तुटलेला नव्हता. त्याने पंप काढला, तर आतलं बेअरिंग गंजून घट्ट धरलेलं. इंजिन हाताने गरागरा फिरलं, म्हणजे अडकला होता पंप, इंजिन नाही. बेअरिंग-सील-मजुरी ४,२०० सांगितली.

तुटलेला बोल्ट परत मागा. प्रत्येक. हेलिकॉइल बसवली तर भोकात तारेचं वेटोळं दिसतं, तेही बघा.

आता पोलीस. इथे म्हणाले, वर्कशॉप दुसऱ्या जिल्ह्यात, हद्द त्यांची. तिथे म्हणाले, पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत, हा दिवाणी वाद. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे ना? आणि हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवायचा असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय, ते मी छापून नेलं. साहेबांनी कागद उलटा ठेवून त्यावर चहाचा ग्लास ठेवला. ग्राहक आयोगाच्या खिडकीवर उत्तर मिळालं, “धंद्याची गाडी, तुम्ही ग्राहक नाही.” खोटं! स्वतः चालवून पोट भरणाऱ्याला २०१९ च्या कायद्यात सूट आहे, आणि तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते. वकिलाने सांगितलं तेव्हा कळलं, त्याचे ३,००० वेगळे.

यूपीआयने दिलंत तर निदान पुरावा राहतो. माझे २५,००० रोख गेले, त्याची पावती नाही. मशीन ताब्यात देण्याआधी इंजिन नंबर आणि चारी बाजूंचे फोटो काढा. “बोल्ट तुटला” म्हणाला तर व्हिडिओ कॉलवर माझ्यासमोर तोड म्हणा.

शेवटी अर्ज घेतला, गुन्हा नाही. वर सांगितलं, पंचनामा होईपर्यंत इंजिनाला हात लावू नका. पंच कधी येणार ते सांगत नाहीत. ४,२०० चं बेअरिंग आणून ठेवलंय, बसवलं तर पुरावा गेला म्हणतील, नाही बसवलं तर हंगाम जातोय.