घोटा जोडायचा की बदलायचा?

नाशिकच्या द्राक्षबागेत दिवसभर राबणाऱ्याला आणि घरापुरतं चालणाऱ्या सत्तरीतल्या माणसाला एकच उत्तर चालत नाही. मोडलेला घोटा पुढे झिजला, तर आधी एक्स-रे उभं राहून, पायावर भार देऊनच काढा. झोपून काढला तर सांध्यातली फट आहे त्यापेक्षा रुंद दिसते. घोट्याखालचा, टाचेच्या हाडावरचा सबटेलर सांधाही झिजलाय का, ते सीटी स्कॅनमध्ये कळतं.

जोडणं म्हणजे झिजलेल्या सांध्याची हाडं कायमची एकसंध करणं. तसं करताना पाऊल काटकोनात, टाच सुमारे ५ अंश बाहेर कलती ठेवून दोन-तीन स्क्रू घालतात. दुखणं बहुधा थांबतं, कष्ट झेपतात. पण उकिडवं बसणं, ब्रह्मगिरीच्या पायऱ्या उतरणं अवघड होतं. काही वर्षांनी शेजारचे सांधे झिजू शकतात. बिडी सुटली नाही तर हाड न जुळण्याचा धोका वाढतो, इथे सवलत नाहीच.

कृत्रिम सांध्यात हालचाल टिकते, मात्र प्लास्टिक झिजतं, धातू सैल होतो. तरुण कष्टकऱ्याला जोडणंच बरं.