पीसीआय ड्रायव्हरमध्ये ६४-बिट डीएमए: बाउन्स बफरवर भागवायचं की अ‍ॅट्रिब्यूट लावायचं?

ईडीके-२ मध्ये, म्हणजे यूईएफआय फर्मवेअर लिहिण्याच्या मुक्त-स्रोत चौकटीत, पीसीआय ड्रायव्हर लिहिणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. डीएमए करताना, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत वाचता-लिहिताना, कंट्रोलरला ४ जीबीच्या वरचा पत्ता झेपतो, पण ड्रायव्हरने तसं कळवलेलं नाही. चाललंय तसं चालू द्यायचं, की ड्युअल अ‍ॅड्रेस सायकलचं अ‍ॅट्रिब्यूट लावून, म्हणजे ६४-बिट पत्ते चालतात असं कळवून, मोकळं व्हायचं?

चालू देण्यात तसं काही वाईट नाही. बफर ४ जीबीच्या वर असला तर होस्ट ब्रिजचा (प्रोसेसर आणि पीसीआय यांना जोडणाऱ्या भागाचा) ड्रायव्हर खाली दुसरा बफर (हाच बाउन्स बफर) घेतो आणि डेटा कॉपी करून वेळ मारून नेतो. फर्मवेअरला वाचायचं असतं तरी काय, बूटलोडर आणि कर्नल. मला तरी त्या कॉपीचा वेळ कधी जाणवला नाही, तेव्हा नुसत्या वेगापायी बदल करू नका. शिवाय हार्डवेअर सांगतं ते सगळंच खरं नसतं. एएमडीच्या एसबी६०० मधला साटा कंट्रोलर ६४-बिट जमतं म्हणतो आणि ऐन वेळी घोळ घालतो. लिनक्सने मोजके बोर्ड वगळता त्याला ३२ बिटांवरच ठेवलंय.

माझं मत बदललं ते दुसऱ्याच कारणाने. या सगळ्यात ४ जीबीखाली रॅम आहे हे गृहीत धरलेलं असतं. एक्स८६ वर ती असते, एआरएमवर असेलच असं नाही. एएमडीच्या सिएटलवर, म्हणजे ऑप्टेरॉन ए११०० वर, रॅम सुरूच होते ५१२ जीबीच्या पत्त्यापासून. अशा बोर्डावर बफर मागण्याचं फंक्शन अ‍ॅलोकेटबफर ‘आउट ऑफ रिसोर्सेस’ देतो, ड्रायव्हर सुरुवातीच्या ‘स्टार्ट’ फंक्शनमधूनच माघारी फिरतो आणि स्क्रीनवर चकार शब्द नाही. शेलमध्ये पीसीआय कमांड मारली की कंट्रोलर दिसतो, मॅप मारली की डिस्क गायब. रिलीज बिल्ड असेल तर सिरियल पोर्टही गप्प. मग केबल बदला, स्लॉट बदला. वर अख्खी रॅम रिकामी पडलेली असताना ‘जागा नाही’ हे ऐकून घेणं मला काही जमलं नाही.

अ‍ॅट्रिब्यूटच्या वाटेला मेहनत आहे, पण बेताची. आधी क्षमता तपासायची: एएचसीआयला (साटा) कॅप रजिस्टरचा बिट ३१, एक्सएचसीआयला (यूएसबी) एचसीसीपॅराम्स१ रजिस्टरचा बिट ०. एनव्हीएमईला (पीसीआयई एसएसडी) विचारावंच लागत नाही, तिथले पत्ते मुळातच ६४-बिट. एसडी होस्टला (एसडी कार्डाचा कंट्रोलर) जपून, आवृत्ती ३ च्या एसडीएमएचा (त्यातल्या साध्या डीएमएचा) पत्ता ३२ बिटांचाच असतो. अ‍ॅट्रिब्यूट लावायचं ते पहिला बफर मागण्याआधी. खरी कटकट पुढे आहे: पत्त्याचा वरचा अर्धा भाग सगळीकडे लिहिला जातोय ना, हे ओळ न ओळ बघावं लागतं. एएचसीआयच्या कमांड यादीचा पत्ता ठेवणारा पीएक्ससीएलबी लिहिला आणि त्याचा वरचा अर्धा, पीएक्ससीएलबीयू, राहिला, तर पत्ता खालचा असेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

रास्पबेरी पाय ४ च्या सुरुवातीच्या चिपसारखी प्रकरणंही भेटतील. तिथे पीसीआयई पहिल्या ३ जीबीपलीकडे पोचतच नाही, कंट्रोलर काहीही म्हणो. ती मर्यादा प्लॅटफॉर्मच्या कोडने सांभाळावी, ड्रायव्हरने त्यात पडू नये असं मला वाटतं.

जुना कंट्रोलर आणि एकच एक्स८६ बोर्ड असेल तर हात न लावलेला बरा. बाकी ठिकाणी मी अ‍ॅट्रिब्यूट लावतो. ते लागलं नाही तर ईडीके-२ चे स्वतःचे ड्रायव्हर लॉगमध्ये इशारा लिहून ३२-बिटवर पुढे जातात; तुम्हीही तेच करा, एरर परत करू नका.