डिस्चार्ज कार्ड मागणाऱ्या दातांच्या डॉक्टर

सांगलीच्या विश्रामबागमधल्या या लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यात आम्ही दीड वर्ष येतोय. तासगावहून एसटीने यायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो, तरी दर ३ महिन्यांनी न चुकता येतो.

माझी मुलगी ३०व्या आठवड्यात झाली, वजन १२८० ग्रॅम. मिरजेत काचेच्या पेटीत होती, त्यातले ९ दिवस तोंडात श्वासाची नळी. पहिला दात वर्षाची झाल्यावर आला. पुढे वरचे डावीकडचे दोन दात आले तेच पिवळट, खडबडीत. एका ठिकाणी दाखवलं, तर तोंडात नीट बघायच्या आधीच प्रश्न आला, "रात्री बाटली तोंडात ठेवून झोपवता ना?" मी बाटली कधी दिलीच नव्हती, वाटी-चमच्याने दूध पाजलंय. घरी येऊन खूप रडले. सासूबाईंनाही माझंच चुकलं असं वाटायला लागलं होतं.

इथल्या मॅडमनी आधी डिस्चार्ज कार्ड मागितलं. नळी किती दिवस होती, लोहाचे थेंब किती महिने दिले, सगळं विचारलं. मग गुडघ्याला गुडघा लावून आम्ही दोघी बसलो, पोरीचं डोकं त्यांच्या मांडीवर, पाय माझ्याकडे. रडली, पण दोन मिनिटांत तपासून झालं. काळे डाग थेंबांचे होते, ते घासल्यावर निघाले. खड्डे मात्र दात हिरडीत घडत असतानाचेच. बाळाला कॅल्शियम-फॉस्फरस आईच्या पोटात सगळ्यात जास्त मिळतं ते शेवटच्या ३ महिन्यांत, आणि तेच हिला पूर्ण मिळाले नाहीत. शिवाय नळी घालताना घशात बघायचं उपकरण वरच्या हिरडीवर बहुधा डावीकडेच दाबलं जातं. तोंडातला टाळू उंच झालाय तोही नळीमुळे असू शकतो. दात उशिरा आला म्हणून मी घाबरले होते, तर म्हणाल्या, "ताई, वय बाळंतपणाच्या ठरलेल्या तारखेपासून मोजा." तसं मोजलं तर साडेनऊ महिने, म्हणजे उशीर नाहीच. सासूबाई शेजारीच बसून ऐकत होत्या, ते फार बरं झालं.

अशा दातांचं कवच पातळ, कीड लवकर लागते. म्हणून फ्लोराईडचा लेप, आणि एका दाताचा खड्डा ड्रिल न लावता पांढऱ्या सिमेंटने भरला. ३ वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट सांगितली होती, आता वाटाण्याएवढी. सहाव्या वर्षी येणाऱ्या पक्क्या दाढांवर लक्ष ठेवायचंय, कारण त्यांचं कवच जन्माच्या सुमारास तयार व्हायला लागतं.

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. वेळ घेऊनही तासभर थांबावं लागतं, कारण मॅडम कुणालाच घाईत उरकत नाहीत. लेपासाठी नेताना मुलाला पोटभर खाऊ घालून न्या, नंतर काही तास कडक किंवा गरम देता येत नाही. आणि पेटीतलं बाळ असेल तर जुनी फाईल बरोबर घ्या.